जोडणारा माणूस : जऊळक्याचा जाहीरनामा

जऊळका रेल्वे हे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले गाव. इथे रेल्वे स्टेशन आहे, पोलीस ठाणे आहे, अकोला–पूर्णा लोहमार्ग आहे, आणि तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. या गावात उभे राहून एक हिशेब मांडून पाहा. रुळांवर काही घडले तर खबर नांदेडला जाते, कारण हा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो. नांदेडच्या वर सिकंदराबाद. तहसीलदार वाशीमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाहतो, जिल्हाधिकारी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे. समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाचा, त्याचे मुख्यालय मुंबईत. 108 ला लावलेला फोन पुण्यात उचलला जातो. वीज बंद करायची तर महावितरण, त्याचे परिमंडळ अकोल्याला. पावसाचा इशारा नागपूरहून येतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला, राष्ट्रीय दलाचा मुख्य तळ पुण्याजवळ.

एका गावाच्या शिवारावर इतक्या शहरांतून सूत्रे हलतात. यातले कोणतेही खाते वाईट नाही, आणि त्यांतली माणसे कामचुकार आहेत असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की ही सारी सूत्रे जिथे एकत्र यायची, तिथे, म्हणजे रात्री दोन वाजता चिखलात, ती हातात धरणारा शिकलेला माणूस आज उभा नसतो. तो घडवायचा म्हणून ही चळवळ.

एक रात्र डोळ्यांसमोर आणा. पोळा जवळ आलेला, सोयाबीन शेंगांवर, चार दिवसांची झड. महामार्गावर टँकर उलटला आहे, आत काय आहे ते ड्रायव्हर शुद्धीवर नसल्याने कळत नाही. त्याच पावसाने नाल्याला पूर आला आहे आणि पलीकडच्या वस्तीतली माणसे छपरांवर चढली आहेत. रुळाखालचा भराव खचल्याची शंका आली म्हणून एक गाडी स्टेशनात थांबवून ठेवली आहे. डब्यांत म्हातारी माणसे, लेकरे, एक बाळंतीण. पोलीस पाटील ठाण्याला फोन करतो. सरपंच आमदारांना फोन करतो. आशाताई प्राथमिक आरोग्य केंद्राला करते. स्टेशन मास्तर आपल्या नियंत्रण कक्षाला कळवतो. गावातला जेसीबीवाला कोणी सांगायच्या आधीच निघालेला असतो, आणि त्याला टँकरकडे न्यायचे की नाल्याकडे हे तीन माणसे तीन तऱ्हांनी सांगतात. अर्ध्या तासात चार रुग्णवाहिका एकाच ठिकाणी आलेल्या असतात आणि दुसऱ्या ठिकाणी एकही नसते. मंगल कार्यालयात खिचडी शिजते आहे हे गाडीतल्या उपाशी प्रवाशांना कळत नाही, आणि गाडीत दोन डॉक्टर प्रवासी आहेत हे वस्तीला कळत नाही.

ही रात्र आम्ही कल्पनेने रचली. पण तिचे तुकडे महाराष्ट्राने खरोखर पाहिले आहेत.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे दगडामातीच्या ढिगाऱ्यात गेली, जवळपास दहा हजार माणसे मेली. महाराष्ट्र तेव्हा धावला. लष्कर आले, स्वयंसेवक आले, कीर्तनकार आले, कॉलेजची पोरे आली, परदेशांतून विमाने आली. आणि त्याच रस्त्यांवर बघ्यांच्या गाड्यांची रांग लागली, वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले. भिजलेले कपडे पाठवणाऱ्या माणसाचे मन खोटे नव्हते. त्याला एवढेच सांगायला हवे होते, की बाबा, आज पत्रे, ताडपत्री आणि कंदील पाठव, कपडे नकोत. ते सांगायचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नव्हते. किल्लारीनंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती आराखडे तयार केले. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा यायला मात्र 2005 साल उजाडले. मधल्या काळात गुजरातचा भूकंप झाला, त्सुनामी आली, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला.

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, दीडशेवर माणसे त्यात गाडली गेली. गाव जागेवर नाही हे आधी लक्षात आले ते एसटीच्या ड्रायव्हरच्या. हे आम्ही अनेकदा आठवतो. कोणत्याही आराखड्यात त्या ड्रायव्हरचे नाव नव्हते, पण त्या सकाळी शासनाचे डोळे तोच होता. आमच्या प्रशिक्षणात एसटीचा वाहक-चालक, लाईनमन, गँगमन आणि दूध संकलनाची गाडी चालवणारा यांना पहिल्या बाकावर जागा आहे, ती याच कारणाने.

आणि 1 जुलै 2023. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटून पेटली. 25 प्रवासी गेले. बुलडाणा आमच्या शेजारचा जिल्हा, रस्ता तोच. त्या रात्रीचे खटले-चौकशा ज्यांनी करायच्या त्यांनी कराव्यात. आम्हाला दुसऱ्या दिवशीचे दिसते: ओळख न पटणारे देह, दूरच्या जिल्ह्यांतून आलेले नातेवाईक, डीएनए तपासणीला लागणारा वेळ, आणि शेवटी बुलडाण्यात झालेले सामुदायिक अंत्यसंस्कार. दुःखात बुडालेल्या बापाला कोणी एकाने, एकाच आवाजात, खरी माहिती देत राहणे हेही शिकावे लागते. ते शिकवायला हवे याचा विचार आपल्याकडे फारच थोड्यांनी केला आहे.

मग महाराष्ट्राला समन्वय जमतच नाही का? जमतो, आणि जिथे जमला तिथे जगाने दखल घ्यावी असा जमला. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या, नाला बंडिंगच्या, पाझर तलावांच्या कामांवर ऐन भरात, 1973 च्या उन्हाळ्यात, जवळपास 50 लाख माणसे होती. तलाठी गावाची नड कळवायचा, तहसीलदार काम मंजूर करवून घ्यायचा, बांधकाम आणि पाटबंधारे खाते आखणी करायचे, मस्टर कारकून हजेरी मांडायचा, पुरवठा खाते मिलो ज्वारी पोहोचवायचे, पोरांना सुकडी मिळायची. दुष्काळी कामांवर राबलेल्या आपल्या आजीला विचारा, ती अजून कामाच्या हद्दीपासून मापापर्यंत सगळे सांगेल. हाल झाले, फसवणूकही झाली. पण इतक्या मोठ्या दुष्काळात भूकबळींचे थैमान झाले नाही. त्यातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. हे जमले कारण प्रत्येकाला आपल्या आधी कोण आणि आपल्यानंतर कोण हे माहीत होते. दुष्काळ सावकाश येतो, त्यामुळे ही साखळी जुळवायला महिने मिळाले. पूर आणि आग ते महिने देत नाहीत. ती साखळी आधीच जुळलेली हवी.

दुसरे उदाहरण तर रुळांवरचेच आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहर पाण्यावाचून तडफडत होते. पाणी भरण्याच्या जागी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन गाडी लातुरात आली. लोकांनी तिला जलदूत म्हटले. गाडी आली हे छायाचित्रात दिसले. न दिसलेले काम असे, की राजस्थानातल्या कोट्याला त्या वाघिणी वाफेने धुतल्या गेल्या, मिरजेत कृष्णेचे पाणी रुळांपर्यंत आणण्यासाठी नळ टाकावा लागला, लातूर स्टेशनाजवळ ते उतरवायला विहीर ताब्यात घेतली गेली, तिथून शुद्धीकरण केंद्र, तिथून टँकर, तिथून गल्ली. रेल्वे, दोन जिल्ह्यांची प्रशासने, महापालिका, आरोग्य खाते, पोलीस. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वाटेवर एक सांधा निसटला असता तर वाघिणी स्टेशनात भरलेल्या उभ्या राहिल्या असत्या आणि शहर तहानलेले. जऊळक्याच्या फलाटावर आम्ही जेव्हा पाहतो, तेव्हा आम्हाला नुसते स्टेशन दिसत नाही. रस्ता बंद पडला तर तालुक्याला धान्य, औषध, पाणी पोहोचवायचे दार दिसते. ते दार कोणत्या वेळी कोणी उघडायचे, हे आज कागदावर आणायला हवे.

बाहेरचे जगही हे कष्टाने शिकले. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात वणवे पेटले तेव्हा अग्निशमनाची वेगवेगळी दले एकाच आगीवर धावली, पण एकाचा बिनतारी संच दुसऱ्याला ऐकू येत नव्हता आणि एकाच यंत्राला दोन दलांत दोन नावे होती. त्यातून एकाच प्रमुखाखाली सर्वांनी काम करण्याची पद्धत तयार झाली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये तीच पद्धत आपल्या प्रशासनाला बसेल अशी करून मार्गदर्शक तत्त्वे काढली. 1994 च्या जुलैत रवांडातून लाखो निर्वासित सीमेपलीकडच्या गोमा गावी येऊन पडले. शंभराहून अधिक संस्था मदतीला होत्या. तरीही पहिल्या महिन्याभरात पटकी आणि हगवणीने सुमारे 50 हजार माणसे गेली. मदतीला आलेल्यांत काही संस्था अप्रशिक्षित होत्या, काही कोणाचेच ऐकायला तयार नव्हत्या, हे नंतरच्या मूल्यमापनात नोंदले गेले. त्यातून मदतकार्याची किमान मापे ठरली: माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे एक संडास. ही मापे आम्हाला पाठ हवीत. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या एका वर्गखोलीत किती कुटुंबे झोपतील याचा हिशेब पुराच्या रात्री करत बसायचा नसतो. तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, टेप लावून, भिंतीवर लिहून ठेवायचा असतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2005 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण दिले, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. जिल्ह्यातल्या अधिकारी, कर्मचारी आणि स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी त्याच कायद्याने या प्राधिकरणावर टाकली, आणि स्थानिक संस्थांनी आपले कर्मचारी तयार ठेवावेत असेही सांगितले. संस्थाही आहेत. आपल्या विदर्भात, नागपुरात, 1957 पासून आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे. तिलाच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळाले. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरातच. पुण्यात यशदा, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा आपत्तीविषयक अभ्यासक्रम. आपदा मित्र योजनेत गावोगावच्या तरुणांना बुडणाऱ्याला काढायला, जखमीला उचलायला शिकवले जाते, आणि ते मोलाचे आहे.

मग उरले काय? उचलणाऱ्या हातांना शिक्षण मिळाले, वरच्या खुर्चीला शिक्षण मिळाले. मधला माणूस राहिला. मंडळ अधिकारी, ठाण्याचा फौजदार, आरोग्य केंद्राचा डॉक्टर, गटविकास अधिकारी, महावितरणचा कनिष्ठ अभियंता, स्टेशन मास्तर, मुख्याध्यापिका, बचत गटाची अध्यक्ष, मशिदीचा आणि मंदिराचा विश्वस्त. एकमेकांना ते लग्नात भेटतात, झेंडावंदनाला भेटतात. एकाच नकाशासमोर बसून, एकाच घड्याळावर, निर्णय घेण्याची तालीम त्यांनी कधी केलेली नसते. शिवाय बदल्या होतात. तीन वर्षांत जुळलेली ओळख एका आदेशाने तुटते, आणि नवा साहेब पहिल्या पुरात गावांची नावे शिकतो. म्हणून प्रशिक्षण माणसाला देऊन भागत नाही, ते जागेलाही चिकटले पाहिजे: टाचणात, वहीत, इथेच राहणाऱ्या शिक्षिकेत आणि कोतवालात.

आम्ही काय करणार ते सांगतो. पहिली तुकडी तीस जणांची, आणि एका खात्याचे दोघांपेक्षा जास्त नाहीत. वर्ग जऊळक्यात भरेल, वाशीमच्या सभागृहात नाही. कारण जिथे काम पडणार तिथला चिखल, तिथला पूल आणि तिथे नेमके कुठे मोबाईलला रेंज नाही हे अभ्यासक्रमाचे पहिले पान आहे. काटेपूर्णा इथल्याच डोंगरांत उगम पावून अकोल्याकडे उतरते, पैनगंगा आणि अडाण विरुद्ध दिशेने जातात. वाशीम जिल्हा दोन खोऱ्यांच्या जलविभाजकावर बसला आहे. आपल्याकडे पूर मोठ्या नदीसारखा दोन दिवस आधी सांगून येत नाही. नाला तासाभरात भरतो आणि तासाभरात माणूस घेऊन ओसरतो. सांगली-कोल्हापूरच्या महापुराचे धडे इथे तसेच लावून चालणार नाहीत. वीज पडून शेतात माणसे मरतात, त्यावर तर कोणी रंगीत तालीमही करत नाही.

शिकवायचे काय, याबद्दल आमच्यात वाद झाले आणि ते वाद आम्ही लपवत नाही. काही जणांना दोरखंड, बोट, स्ट्रेचर आधी हवे होते. आमचा निर्णय असा झाला, की आधी पहिला तास शिकवायचा. घटनेची जागा कोणाच्या ताब्यात, हे पहिल्या दहा मिनिटांत मोठ्याने जाहीर करणे. वरिष्ठ आला तर सूत्रे रीतसर सोपवणे, नाहीतर सोपवायचीच नाहीत. दोघांनी अर्धीअर्धी धरायची नाहीत. एकच नोंदवही: किती वाजता, कोणी, काय सांगितले. एकच नकाशा. पत्रकारांशी एकच आवाज. आणि नको म्हणण्याचा धीर. आलेली मदत परत पाठवणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे. ट्रक घेऊन दोनशे किलोमीटरवरून आलेल्या भावाला हात जोडून सांगावे लागते, की दादा, आज तुमचा ट्रक पुढच्या गावाला न्या. त्याचा मान राखून हे सांगता आले पाहिजे.

त्यानंतर यादीत नसलेली माणसे. पंचनामा घराचा होतो, सातबाऱ्याचा होतो. पालावरच्या कुटुंबाचा कसा करायचा? वीटभट्टीवरचे मजूर, ऊसतोडीला गेलेल्या घरांत मागे राहिलेले म्हातारे, मेंढ्या घेऊन आलेले धनगर, तांड्यावरची एकटी बाई, अंथरुणाला खिळलेला माणूस, ज्याला ऐकू येत नाही तो. दवंडी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. निवाऱ्यात बाईला रात्री संडासला जाताना उजेड आहे का, हे विचारणारी एक तरी बाई निर्णयाच्या जागी असली पाहिजे; आमच्या तुकडीत निम्म्या जागा बायकांच्या राहतील, आणि ही अट कमी होणार नाही.

तालमी दिवसा, टाळ्या वाजवत होणार नाहीत. वर्षातून दोन तालमी, त्यातली एक रात्री, न सांगता, आणि शक्यतो पावसात. आपल्याच जिल्ह्यात पोहरादेवीला रामनवमीच्या सुमारास लाखोंची गर्दी जमते. मांढरदेवीला जानेवारी 2005 मध्ये झालेली चेंगराचेंगरी महाराष्ट्र विसरलेला नाही. यात्रेच्या वाटांचा, पाण्याचा, रुग्णवाहिकेच्या मोकळ्या रस्त्याचा अभ्यास जिल्ह्यातल्या खात्यांबरोबर बसून करण्याची आमची तयारी आहे. प्रत्येक तालमीनंतर सर्वांसमोर चुका वाचून दाखवल्या जातील, आमच्याही. त्या चुकांवरून कोणावर कारवाई मागितली जाणार नाही. चूक सांगितल्याबद्दल शिक्षा होऊ लागली की लोक चुका सांगायचे बंद करतात आणि खऱ्या रात्री त्यांची किंमत दुसरेच मोजतात.

शासनाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. समन्वयाचे प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात त्याची नोंद व्हावी आणि त्या दिवसांची रजा त्याच्या खात्यातून कापली जाऊ नये. तालुक्याला एक प्रशिक्षित समन्वयक कायम असावा, बदली झाली तर त्याच्या जागी प्रशिक्षितच यावा. रेल्वे, महामार्ग आणि जिल्हा प्रशासन यांच्या संयुक्त तालमीचे वेळापत्रक पावसाळ्याआधी जाहीर व्हावे. नागपूरच्या आणि पुण्याच्या संस्थांनी वर्षातून एकदा आपले शिक्षक आमच्याकडे पाठवावेत. राहण्या-जेवण्याची सोय गाव करेल.

आणि आम्ही काय करणार नाही, हेही लिहून ठेवतो. आम्ही समांतर सरकार उभे करणार नाही. पूर आला की आपल्या नावाचे बॅनर लावून बोटीत फोटो काढणार नाही. कोणत्याही पक्षाचा झेंडा वर्गात येणार नाही, आणि जात विचारून कोणाला वाढले जाणार नाही. देणगीचा पैसा न् पैसा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जाईल. चळवळीला अजून नाव दिलेले नाही. पहिली तुकडी शिकून बाहेर पडेल तेव्हा तिनेच ते ठेवावे.

अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता जऊळक्यात पहिली बैठक आहे. मृगाच्या आधी आपल्याला जेमतेम महिनाभर मिळतो. गणवेशातल्यांनी गणवेशात यावे, शेतातल्यांनी शेतातून यावे. येताना आपल्या खात्याचा, वस्तीचा, दवाखान्याचा असा फोन नंबर लिहून आणा, जो रात्री दोन वाजता खरोखर कोणीतरी उचलते. आदल्या रात्री दोन वाजता तो एकदा लावून पाहा, मगच आणा.